वाकणारी पट्टी : वर्गातली विकलांगता आणि ‘सवलत’ नावाचा शब्द

या मालेत आपण समता आणि न्याय या संकल्पनांबद्दल याआधी बोललो, तेव्हा उदाहरणं राज्याची होती, कायद्याची होती, बाजाराची होती. आज त्याच संकल्पना घेऊन आपण एका छोट्या जागेत जाऊ. शाळेचा वर्ग. एक फळा, एक शिक्षक आणि पन्नास-साठ मुलं. त्यातल्या दोघातिघांना नीट दिसत नाही, किंवा ऐकू येत नाही, किंवा कागदावरची अक्षरं त्यांच्यासाठी जागेवर थांबत नाहीत, किंवा हात मनासारखा चालत नाही. अशा मुलांना वर्गात आधार द्यायचा म्हणजे काय करायचं, हा आजचा विषय. आणि त्याची चिकित्सा आम्ही करणार आहोत ती एका शब्दाच्या वाटेनं. तो शब्द म्हणजे ‘सवलत’.

तुम्ही म्हणाल, शब्दात काय एवढं? तत्त्वज्ञानवाल्यांना शब्दाचा कीस काढायची खोडच असते, हे आम्हाला मान्य आहे. पण हा शब्द काय काम करतो ते बघा. एसटीच्या तिकिटात सवलत असते, दुकानात दिवाळीची सवलत असते, व्याजात सवलत असते. सगळीकडे अर्थ एकच: पूर्ण किंमत अमुक आहे, तुमच्याकडून कमी घेतली. देणारा मोठ्या मनाचा, घेणारा उपकृत. आणि देणाऱ्याच्या मनात आलं तर ती बंदही होऊ शकते. आता हाच शब्द आपण दहावीच्या परीक्षेला लावतो. ‘अपंग विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सवलती’. म्हणजे तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळालेल्या मुलानं, लेखनिक घेऊन पेपर दिलेल्या मुलीनं, आपली पदवी कमी किमतीत घेतली, असं आपण न बोलता बोलून जातो. वर्गातली बाकीची मुलं हे बरोबर ओळखतात. ‘तुला काय बाबा, जादा वेळ आहे,’ हे वाक्य कुठल्याही शाळेच्या व्हरांड्यात ऐकायला मिळेल.

आमचं म्हणणं असं, की हा शब्द चुकीचा आहे. आणि तो चुकीचा असल्यामुळे आपलं शिकवणंही चुकतं. सवलत ही परीक्षेच्या खिडकीवर मिळते, प्रमाणपत्र दाखवून मिळते. त्यामुळे वर्षभर वर्गात काय चाललंय याकडे कुणी बघतच नाही. परीक्षा आठ दिवसांची, शाळा दोनशेहून जास्त दिवसांची. आठ दिवसांसाठी शासननिर्णय आहेत, अर्ज आहेत, शिक्के आहेत. उरलेल्या दिवसांसाठी काय आहे?

कायद्याचा शब्द वेगळा आहे, हे आधी लक्षात घेऊ. १९९५ च्या कायद्यात विकलांगतेचे सात प्रकार होते. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्यात ते एकवीस झाले. अध्ययन अक्षमता आली, स्वमग्नता आली, स्नायूंचे, रक्ताचे आजार आले. पण आमच्या मते त्या कायद्यातली खरी नवी गोष्ट ही यादी नाही. नवी गोष्ट आहे ती ‘रिझनेबल ॲकोमोडेशन’ ही संकल्पना. आपण तिला ‘वाजवी सोय’ म्हणू. समोरच्यावर अवाजवी भार न टाकता जे आवश्यक आणि योग्य फेरबदल करता येतात, ते करायचे. आणि पुढचा भाग महत्त्वाचा आहे: अशी सोय नाकारणं हा त्या कायद्यानं भेदभाव ठरवला आहे. सवलत नाकारली तर फार तर कंजूषपणा होतो. सोय नाकारली तर अन्याय होतो. एवढा फरक आहे दोन शब्दांत.

सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात हाच फरक स्पष्ट केला. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेला उमेदवार लेखनिक मागत होता. त्याच्याकडे ४० टक्के विकलांगतेचं प्रमाणपत्र नव्हतं, म्हणून तो नाकारला गेला. न्यायालय म्हणालं, ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या काही तरतुदींसाठी आहे. लेखनिकाची सोय तिच्यावर अडवता येणार नाही. आता हे आपल्या शाळेत आणून बघा. मुलाला फळा दिसत नाही हे शिक्षकाला जूनमध्येच दिसतं. पण वैद्यकीय मंडळाचा टक्का येईपर्यंत त्याला पुढच्या बाकावर बसवायलाही आपण थांबायचं का?

आता थोडं मागे जाऊ. ॲरिस्टॉटलनं नीतिशास्त्राच्या पाचव्या भागात एक फार व्यवहारातलं उदाहरण दिलं आहे. लेस्बॉस बेटावरचे गवंडी शिशाची पट्टी वापरत. ती ताठ नसे, दगडाच्या आकाराप्रमाणे वाकत असे. दगड वाकडातिकडा असेल तर ताठ पट्टीनं त्याचं माप मिळत नाही. वाकणाऱ्या पट्टीनं मिळतं. ॲरिस्टॉटल म्हणतो, कायदा सर्वसाधारण नियम सांगतो, आणि सर्वसाधारण नियम एखाद्या प्रकरणात अपुरा पडतो. तिथे त्या प्रकरणाला धरून केलेला निवाडा हा न्यायातला ढिलेपणा नसतो, उलट न्यायाची ती दुरुस्ती असते.

आपल्या शाळेत पट्टी म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात, रेघ मारायची आणि हातावर मारायची. दोन्ही ताठ. वाकणारी पट्टी पाहिली की आपल्याला वाटतं, ही मापात फसवणार. पण शिशाची पट्टी वाकते म्हणून तिच्यावरचा इंच लहान होत नाही. मोजायची गोष्ट तीच राहते, फक्त पट्टी त्या वस्तूपर्यंत पोहोचते.

मग प्रश्न असा येतो, की पट्टी बनवतो कोण? इतिहासात याची दोन ठळक उदाहरणं आहेत आणि दोन्ही शिक्षणाच्याच क्षेत्रातली आहेत.

पहिलं पॅरिसचं. तिथल्या अंधशाळेत मुलांना वाचायला शिकवत ते उठावाच्या रोमन अक्षरांनी. डोळसांची अक्षरं, फक्त कागदावर उचललेली. बोटांना ती ओळखायला अवघड, आणि मुलांना त्यात लिहिता तर येतच नसे. त्याच शाळेतल्या लुई ब्रेल या विद्यार्थ्यानं सहा ठिपक्यांची लिपी तयार केली आणि १८२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. मुलांनी ती उचलली. संस्थेनं अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ मध्ये. ब्रेल १८५२ मध्येच वारला होता. पंचवीस वर्षं का लागली? एक कारण सरळ आहे. उठावाची अक्षरं डोळस शिक्षकाला वाचता येत होती, ठिपके वाचायला त्याला नव्यानं शिकावं लागलं असतं. सोय कुणाची पाहिली गेली, ते तुमच्या लक्षात आलं असेल.

दुसरं उदाहरण १८८० सालच्या मिलानच्या परिषदेचं. कर्णबधिरांच्या शिक्षणासाठी भरलेल्या त्या परिषदेनं ठराव केला, की मुलांना बोलायलाच शिकवावं, खाणाखुणांची भाषा वर्गात नको. ठराव करणाऱ्यांत कर्णबधिर माणसं जवळजवळ नव्हतीच. पुढची कित्येक दशकं अनेक देशांत मुलांच्या हातांवर बंदी आली. त्याच परिषदेच्या परंपरेतल्या संमेलनानं २०१० मध्ये व्हँकुव्हरला या ठरावांबद्दल खेद व्यक्त केला. १३० वर्षांनी.

ही उदाहरणं आम्ही युरोपला नावं ठेवायला सांगत नाही. आपल्याकडची गोष्ट पाहू. महाभारताच्या वनपर्वात अष्टावक्राची कथा आहे. आईच्या पोटात असताना त्यानं वडिलांच्या पठणातली चूक दाखवली आणि वडिलांनी शाप दिला, म्हणून तो आठ ठिकाणी वाकडा जन्मला. पुढे जनकाच्या दरबारात त्यानं बंदीला वादात हरवलं, वडिलांना सोडवलं. हा भाग सगळ्यांना पाठ असतो. शेवट कुणी सांगत नाही. शेवटी वडील त्याला समंगा नदीत स्नान करायला सांगतात आणि त्याची गात्रं सरळ होतात. म्हणजे या गोष्टीत वाकड्या अंगाच्या मुलाला सभेत जागा मिळते ती सर्वांना हरवल्यावर, आणि गोष्ट पूर्ण होते ती तो आपल्यासारखा झाल्यावर. आधी जिंका, मग सरळ व्हा.

या साच्यातून आपण अजून सुटलेलो नाही. २००७ सालचा ‘तारे जमीं पर’ तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. त्या चित्रपटाचं श्रेय मोठं आहे. डिस्लेक्सिया हा शब्द त्यानं घराघरात नेला, ‘आळशी’, ‘मठ्ठ’ म्हणून मार खाणाऱ्या अनेक मुलांकडे त्यांच्या आईबापांनी पुन्हा बघितलं. पण समीक्षक म्हणून आम्हाला त्याची रचना तपासली पाहिजे. निकुंभ सर ईशानला शिकवतात कसं? वाळूत अक्षरं काढून, मातीचे आकार करून, पायऱ्यांवर चढउतार करत गणित शिकवून. हाच तर वर्गातला खरा आधार! आणि तो चित्रपटात काही मिनिटांत उरकतो. चित्रपटाचा कळस आहे चित्रकलेची स्पर्धा, आणि ईशान तिच्यात पहिला येतो. सर वर्गाला थोर माणसांची यादीही ऐकवतात, आइनस्टाइन, लिओनार्दो. मग प्रेक्षकाच्या मनात हिशेब जुळतो: याला वाचता येत नव्हतं, पण बघा, चित्रकार निघाला.

आणि नसता निघाला तर? डिस्लेक्सिया असलेली आणि चित्रही बेताचंच काढणारी मुलं असतात की नाही? बहुतेक तशीच असतात, जशी बाकीची मुलंही बहुतेक साधीच असतात. त्या साध्या मुलाचा वाळूतल्या अक्षरावर हक्क आहे की नाही, या प्रश्नाला तो चित्रपट उत्तर देत नाही. करंडकाच्या टाळ्यांत तो प्रश्न विरून जातो.

याच्या शेजारी सई परांजपे यांचा १९८० चा ‘स्पर्श’ ठेवून बघा. नसीरुद्दीन शाह अंधशाळेचा प्राचार्य आहे, स्वतः अंध. शबाना आझमीची कविता शाळेत मुलांना शिकवायला येते. हा चित्रपट दयेची चिकित्सा करतो. मदत घ्यायला प्राचार्याची हरकत नाही, कीव त्याला सहन होत नाही, आणि या दोहोंतली सीमारेषा त्यालाही दर वेळी सापडत नाही, म्हणून तो जवळच्या माणसालाही दुखावतो. तिथे कुणी बरं होत नाही, कुणी स्पर्धा जिंकत नाही. मुलं मुलांसारखी वागतात. आमच्या मते विकलांगतेकडे बघण्याची ही जास्त प्रौढ नजर आहे. तिची एक मर्यादा मात्र आहे. ती शाळा अंधांसाठीच उभी केलेली आहे. तिथली मुलं साठ मुलांच्या साध्या वर्गात गेली तर काय होईल, हा प्रश्न त्या चित्रपटाच्या बाहेर राहतो. आपल्याला आज त्याच प्रश्नाशी काम आहे.

तेव्हा वर्गात जाऊ. शिक्षक फळ्यावर समीकरण सोडवतोय आणि म्हणतो, ‘हे इकडनं तिकडे गेलं, याचं हे झालं, आलं उत्तर.’ अंध किंवा अल्पदृष्टी विद्यार्थिनीच्या कानावर काय पडलं? ‘हे’, ‘ते’ आणि ‘आलं उत्तर’. तोच शिक्षक ‘अधिक पाच उजव्या बाजूला नेले, ते उणे पाच झाले’ असं बोलला, तर खर्च शून्य रुपये आणि फायदा मागच्या बाकावर चष्मा विसरून आलेल्या मुलालाही. ओठ वाचणाऱ्या कर्णबधिर मुलासाठी नियम त्याहून सोपा आहे: फळ्याकडे तोंड करून बोलू नये. लिहा, वळा, मग बोला. आणि खिडकीला पाठ करून उभे राहू नका, चेहऱ्यावर अंधार येतो. पण हेही सांगितलं पाहिजे, की ओठ वाचून सगळं कळत नाही. ‘प’ आणि ‘ब’ ओठांवर सारखेच दिसतात. जी मुलं खुणांच्या भाषेत वाढली त्यांना ती भाषा जाणणारा माणूसच लागतो.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचं बोलणं रेंगाळतं. त्याचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही, थांबायचं. डिस्लेक्सिया असलेल्या मुलीला अचानक उभं करून धडा वाचायला सांगायचं नाही, आदल्या दिवशी परिच्छेद नेमून द्यायचा. इतिहासाच्या उत्तरात ऱ्हस्वदीर्घाचे गुण कापायचे नाहीत, कारण तो पेपर इतिहासाचा आहे. स्वमग्न मुलाला वेळापत्रकातला बदल आधी सांगायचा. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला कोपऱ्यात रंगवायला कागद देऊन मोकळं व्हायचं नाही. वर्गात अपूर्णांक चालले असतील तर त्यालाही भाकरीचे चार तुकडे करून अपूर्णांकच शिकवायचा, त्याच्या पायरीवरचा.

यातली एकही गोष्ट सवलत नाही. कुणाचीही किंमत इथे कमी केलेली नाही. शिकवणं मुलापर्यंत पोहोचवलं आहे, बस.

आता उलट बाजू बघा. ज्याला आपण मोठ्या मनानं सवलत म्हणतो, तिथे पुष्कळदा दार बंद होतं. आकृती काढायला नको, भूमिती नको, एक भाषा नको, गणिताऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित घ्या. काही मुलांना याची खरोखर गरज असते, त्याबद्दल वाद नाही. पण अंध मुलीला भूमिती शिकवायला उठावाच्या आकृत्या लागतात, रबरी पाटी लागते, थोडा वेळ लागतो. तो त्रास घेण्यापेक्षा भूमितीच वगळणं आपल्याला सोपं जातं. दहावीला ती उत्तीर्ण होते, पेढे वाटले जातात, आणि अकरावीत विज्ञान किंवा अर्थशास्त्र घ्यावंसं वाटलं की तिला कळतं, वाट तीन वर्षांपूर्वीच बुजली होती. सवलतीच्या नावाखाली सोय कुणाची झाली, हा पॅरिसचाच प्रश्न इथे पुन्हा उभा राहतो.

लेखनिकाचंही तेच. एका महाविद्यालयात आम्ही असं पाहिलं, की तत्त्वज्ञानाच्या पेपरला आदल्या संध्याकाळी लेखनिक ठरला, तोही विषयाचा गंध नसलेला. परीक्षार्थी ‘प्रामाण्य’ म्हणे आणि तो ‘प्रमाण’ लिही. नियमानुसार सगळं झालं होतं, नोंदवहीत सही होती. पण त्या तीन तासांत मोजलं गेलं ते त्या विद्यार्थ्याचं तत्त्वज्ञान की लेखनिकाचं शुद्धलेखन?

आता आक्षेप घेऊ. पहिला नेहमीचा: बाकीच्यांवर अन्याय होतो. अमर्त्य सेन यांनी १९७९ च्या एका व्याख्यानात विचारलं होतं, समता म्हणजे नेमकी कशाची समता? सारखे पैसे दिले तरी विकलांग माणूस त्यातून सारखं आयुष्य उभं करू शकत नाही, कारण तेवढ्याच हालचालीसाठी त्याला जास्त खर्च येतो. वाटणी सारखी झाली, पोहोच सारखी झाली नाही. सगळ्यांना एकच छापील पुस्तक मोफत वाटलं. अंध मुलाला काय मिळालं? अर्धा किलो कागद.

दुसरा आक्षेप दर्जाचा. हा आम्ही गंभीरपणे घेतो. मोजायचं काय आहे ते आधी ठरवा. टंकलेखनाची परीक्षा असेल तर वेग हाच विषय आहे, तिथे पट्टी किती वाकवायची याला मर्यादा आहे. पण नागरिकशास्त्राच्या पेपरात लिहिण्याचा वेग हा विषय नाही. तिथे वेग मोजला तर दर्जा राखला जात नाही, भलतंच मोजलं जातं. सोय द्यायला कचरणाऱ्या शिक्षकाला पुष्कळदा आपण काय मोजतो आहोत हेच ठाऊक नसतं. या मुलांमुळे तो प्रश्न त्याला पडतो, हा त्यांचा शिक्षणशास्त्रावर उपकारच म्हणायचा.

तिसरा आक्षेप शिक्षकाचा: साठ मुलं आहेत, निवडणुकीची कामं आहेत, माहिती भरायची आहे, आम्ही काय काय करायचं? हा आक्षेप खरा आहे. वर सांगितलेल्या निम्म्या गोष्टींना वेळ लागत नाही, फक्त सवय बदलावी लागते. उरलेल्या निम्म्यांना विशेष शिक्षक लागतात, ब्रेल पुस्तकं वेळेवर लागतात, खुणांच्या भाषेचे जाणकार लागतात. ते न देता ‘सर्वसमावेशक शिक्षण’ असा फलक लावणं म्हणजे मुलाला हजेरीपटावर घेऊन वर्गाबाहेर ठेवणं. म्हणूनच विशेष शाळा बंद करून सगळ्यांना एकत्र बसवा, या घाईलाही आमचा विरोध आहे. १९९४ च्या सालामांका घोषणेनं सर्वांसाठी एक शाळा हे ध्येय मांडलं ते योग्यच आहे. पण ब्रेलचं, खुणांचं ज्ञान आपल्याकडे याच विशेष शाळांनी जपलं. ते साध्या शाळांत पोहोचवण्याआधी त्या शाळा मोडल्या, तर दोन्हीकडचं जाईल.

नावं आपण वारंवार बदलली. अपंग म्हटलं, विकलांग म्हटलं, २०१५ नंतर दिव्यांग म्हणू लागलो. नाव आदरानं घ्यावं, यात वाद नाही. पण ‘दिव्य’ म्हणताना आपण पुन्हा अष्टावक्राकडेच जातो, की याच्यात काहीतरी अलौकिक असणार. त्या मुलाला अलौकिक व्हायचं नाहीये. त्याला नववीचं गणित समजून घ्यायचं आहे.

तेव्हा ऐकणाऱ्यांत जे शिक्षक आहेत, पालक आहेत, त्यांनी तीन प्रश्न जवळ ठेवावेत. या तासाला मी नेमकं काय शिकवतोय, काय मोजतोय? ते या मुलापर्यंत कुठे अडतंय? आणि ही अडचण दूर करताना मी त्याच्यासाठी दार उघडतोय की माझं काम हलकं करतोय? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलालाच विचारावं. पॅरिसला आणि मिलानला तेवढंच करायचं राहून गेलं होतं.

एवढं बोलून आम्ही थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.